हॉकीचा शौक आणि आशेचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा महोत्सवात केलेले भाषण)





मला ‘खेळाडूवृत्ती’ या विषयावर चार शब्द बोलावेत अशी सूचना झाली होती. या विषयावर मी बोलणे म्हणजे मागावर कधी न बसलेल्या माणसाने कापडाची परीक्षा करण्यासारखे आहे. मी खेळाडू नाही. मी इतिहास आणि मराठी शिकवणारा एक साधा शिक्षक. शाळेच्या हॉकी संघाची जबाबदारी माझ्याकडे आली तीही कोणीतरी पाहिजे म्हणून. परंतु एका गोष्टीचा अनुभव मला भरपूर आहे. भारतीय हॉकीचा शौकीन म्हणून वाट पाहण्याचा. तेव्हा खेळाडूवृत्तीऐवजी आज शौकिनाच्या वृत्तीविषयी बोलण्याची परवानगी मी मागतो.

हा शौक मला वारशाने मिळाला. आमचे अब्बा तरुणपणी येथल्याच एका कारखान्यात कांड्या भरत आणि पुढे जॉबर झाले. भिवंडीतील मंडळींना सांगायला नको की माग चालू असताना शेजारी उभ्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही, मग ट्रान्झिस्टर कुठून ऐकू येणार? अब्बांची कथा अशी की १९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता, मलेशिया २-१ ने पुढे होता, सामना संपायला थोडीच मिनिटे उरली होती, आणि नेमकी कारखान्यातली लाईट गेली. माग थांबले. त्या शांततेत बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टरमधून जसदेव सिंग यांचा आवाज आला की अस्लम शेर खान मैदानात उतरला आहे. बदली खेळाडू म्हणून आलेल्या अस्लमने गळ्यातल्या तावीजाचे चुंबन घेतले आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला. जादा वेळेत हरचरण सिंगने विजयी गोल मारला. दोन दिवसांनी, १५ मार्चला, अंतिम सामन्यात पाकिस्तानवर २-१ असा विजय मिळाला. त्यातला शेवटचा गोल अशोककुमारचा, म्हणजे ध्यानचंदांच्या चिरंजीवांचा.

यातला लाईट जाण्याचा भाग कितपत खरा हे मी आजवर अब्बांना विचारलेले नाही. इतिहासाचा शिक्षक असूनही काही साधने मी तपासत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तो विश्वचषक अब्बांनी अठराव्या वर्षी ऐकला. त्यानंतर २०२३ पर्यंत झालेल्या एकाही विश्वचषकात आपण उपांत्य फेरी गाठलेली नाही. १९८० साली मॉस्कोत ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळाले, तेही अब्बांनी ऐकले. माझा जन्म त्यानंतर आठ वर्षांनी झाला. म्हणजे अब्बांच्या आशेला आठवणींचा आधार होता. माझ्या आशेला तोही नव्हता. आमच्या घरी एकाच खेळाचे दोन शौकीन एकाच चटईवर बसत आणि दोन वेगवेगळे सामने पाहत.

माझ्या पिढीने काय पाहिले ते थोडक्यात सांगतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आपण पाचवे आलो. १९८८ मध्ये सहावे, १९९२ मध्ये सातवे, १९९६ मध्ये आठवे. वर्गात मी अंकगणिती श्रेढीचे उदाहरण म्हणून हे सांगितले तर गणिताचे सर रागावतील, पण मुलांना श्रेढी मात्र लगेच समजेल. २००० साली सिडनीत मी बारा वर्षांचा होतो. गटातल्या शेवटच्या सामन्यात पोलंडला हरवले की उपांत्य फेरी, असा साधा हिशेब होता. आपण १-० ने पुढे होतो. सामना संपायला दोन मिनिटेही उरली नव्हती, आणि पोलंडने बरोबरी केली. शेजाऱ्यांच्या घरी टीव्ही होता, तेथे मी उभ्यानेच रडलो. अब्बा म्हणाले, “बस खाली. पुढचं ऑलिंपिक चार वर्षांनी येतंच.” ते आले. त्यातही आपण सातवेच होतो.

मग मार्च २००८. चिलीतील सॅन्टियागो येथे पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनकडून आपण ०-२ असे हरलो आणि १९२८ नंतर पहिल्यांदाच भारतीय हॉकी संघाविना ऑलिंपिक झाले. २०१२ ला लंडनमध्ये संघ गेला, सहापैकी सहा सामने हरला आणि बारा संघांत बारावा आला. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका सद्गृहस्थांनी मला विचारले, “मास्तर, अजून हॉकी बघता?” एखाद्याला ‘अजून तो खोकला गेला नाही का’ असे विचारावे, तसा तो स्वर होता.

मी बघत होतो. का बघत होतो याचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. आज थोडेफार देता येईल असे वाटते.

आपल्याकडे हॉकीवर बोलणारे बहुतेक लोक जुन्या सोन्यावर जगतात. आठ सुवर्णपदके, ध्यानचंद, बर्लिनला जर्मनीवर ८-१. हे सगळे खरेच आहे आणि मीही ते मोठ्या अभिमानाने शिकवतो. परंतु त्या सोन्याला काही वजाबाक्या आहेत, त्या कोणी करीत नाही. मॉस्कोला बहिष्कारामुळे पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, हॉलंड, ऑस्ट्रेलिया आले नव्हते आणि हॉकीत अवघे सहा संघ होते. हे मी एकदा जेवताना बोललो तर अब्बांनी भाकरी ताटात ठेवली आणि म्हणाले, “मग शाहीदचा ड्रिबलही खोटा का?” शाहीदचा ड्रिबल खोटा नव्हता. मागावरचा धोटा जसा या बाजूने त्या बाजूला जातो आणि डोळ्यांना फक्त रेघ दिसते, तसा त्याच्या स्टिकवर चेंडू असे, हे अब्बांचेच वर्णन. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य करायला आम्हा बापलेकांना बरीच वर्षे लागली.

खरे कारण तर त्याच्याही आधी घडले होते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. गवतावर चेंडू उडतो, अडतो, आणि तो काबूत ठेवायला मनगटाची कला लागते. ती आपल्याकडे होती. कृत्रिम मैदानावर चेंडू सरळ आणि वेगाने जातो, तेथे दम, लांब पास आणि पेनल्टी कॉर्नरचे गोल लागतात. युरोपातल्या क्लबांनी अशी मैदाने भराभर अंथरली. आपली मुले गवतावर नाहीतर मातीवर शिकली आणि थेट मोठ्या वयात त्या गालिच्यावर उतरली. पुढे ऑफसाइडचा नियम गेला, खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा आली. खेळ बदलला होता आणि आपण मात्र कोणी खेळ विकला, कोणी गटबाजी केली, याचीच चर्चा करीत बसलो. गटबाजी नव्हती असे मी म्हणत नाही. १९९८ साली बँकॉकला धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्णपदक आले आणि पुढच्याच मालिकेतून धनराजसह काही खेळाडूंना वगळण्यात आले. ते कोणत्या मैदानामुळे झाले नव्हते.

धनराजचे नाव निघाले म्हणून थोडे थांबतो. पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत तो वाढला. वडील मैदानाची देखभाल करणारे. भावंडे मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळत. तेथून तो चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला आणि ऑलिंपिकचे एकही पदक त्याला मिळाले नाही. सिडनीत पोलंडविरुद्ध तोही मैदानात होता. कोणाला विजेते ठरवायचे याचे पुस्तकी उत्तर सोपे आहे. मला विचाराल तर महाराष्ट्राने या खेळाला एवढा मोठा माणूस दिला आणि त्याच्यामागून येणाऱ्या मुलांसाठी मैदाने मात्र तेवढी दिली नाहीत. मराठा वॉरियर्स, मुंबई मरीन्स, पुणे स्ट्रायकर्स, मुंबई मॅजिशियन्स असे व्यावसायिक संघ आले आणि गेले. २०२४ च्या डिसेंबरात हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा तिच्यात महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. असो.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभा राहिलो ती सांगतो, आणि ती सांगायला मला थोडे जड जाते.

१ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीत आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर पाकिस्तान. पहिला गोल आपला होता. त्यानंतर सात गोल झाले. ७-१. आपल्या संघात जफर इक्बाल होता, मोहम्मद शाहीद होता, गोलमध्ये मीर रंजन नेगी. अब्बा सांगतात की त्या दिवशी चहाच्या टपरीवर आमच्यासारख्यांना हरण्याचे दुःख होतेच, वर ते दुःख लोकांना दिसेल असे दाखवावे लागण्याचे आणखी एक दुःख होते. यापेक्षा जास्त ते कधी बोलले नाहीत आणि मीही बोलणार नाही. इकडे नेगींवर सामना विकल्याचा आरोप झाला. एका सामन्यात सात गोल झाले म्हणून एका माणसाचे चारित्र्य गेले. अकरा जणांनी मिळून केलेल्या चुका शेवटी ज्याच्यापाशी येऊन थांबतात त्याच्याच नावावर आपण त्या लिहितो, कारण तेवढे लिहिणे सोपे असते. सोळा वर्षांनी बँकॉकचे सुवर्ण आले तेव्हा नेगी त्या संघाच्या गोलरक्षकांना शिकवीत होते. २००२ साली मँचेस्टरला आपल्या मुलींनी राष्ट्रकुलचे सुवर्ण मिळवले, त्याही संघाबरोबर ते होते. ‘चक दे इंडिया’ हा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातल्या प्रशिक्षकाची कथा याच माणसाच्या आयुष्याशी जुळते असे अनेकांना वाटले, कल्पना मात्र मुलींच्या त्या विजयावरून सुचली.

ही सारी हकीकत मला पाठ होती. मी ती वर्गात रंगवून सांगत असे. आणि तरीही २०१६ साली मी काय केले ते ऐका.

आपला संघ शालेय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत खेळला. समोरची मुले कृत्रिम मैदानावर रोज सराव करणारी. आपली मुले नगरपालिकेच्या जुन्या मैदानाच्या एका कोपऱ्यात, क्रिकेटचे दोन सामने आणि उभे केलेले टेम्पो यांच्यामधून चेंडू काढीत शिकलेली. गोलमध्ये नववीचा एक मुलगा. त्याच्या पायांना क्रिकेटचे पॅड, तेही दोन वेगवेगळ्या मापांचे. आपण ९-० ने हरलो. त्याने किती चेंडू अडवले ते मी मोजले नाही. सामना संपल्यावर सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, “अरे, नऊ नऊ गोल जातात तरी कसे?”

परतीच्या टेम्पोत मुलांनी तेच वाक्य त्याला दहा वेळा ऐकवले. दुसऱ्या दिवशी सरावाला तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी निरोप पाठवला, त्याने अभ्यासाचे कारण सांगितले. दहावीनंतर त्याने शाळा सोडली. वडिलांचे माग विकले गेले होते, तो काल्हेरकडच्या एका गोदामात कामाला लागला. त्याने शिक्षण माझ्या वाक्यामुळे सोडले असे मी म्हणत नाही, तेवढे महत्त्व मी स्वतःला देत नाही. हॉकी मात्र माझ्या वाक्यामुळे सोडली.

मित्रहो, मला वाटत होते की मी आशावादी माणूस आहे. देशाच्या संघाची बारा-बारा वर्षे वाट पाहतो, म्हणजे माझ्याकडे सबुरी आहे. त्या दिवशी कळले की मला आशा होती, हिशेब नव्हता. ज्या मुलांकडे मैदान नाही, पॅड नाहीत, आठवड्यात दोन तास सराव आहे, त्यांच्याकडून मी काय मागत होतो? ९-० हा निकाल आपल्या तयारीचा बरोबर निकाल होता. तो आधी कागदावर मांडला असता तर त्या मुलाला विचारण्यासारखा प्रश्न वेगळा असता: “यातला कुठला गोल पुढच्या वेळी अडेल?”

तेव्हापासून मी एक वही केली आहे. सामना देशाचा असो की शाळेचा, तिच्यात निकाल शेवटी लिहितो. आधी लिहितो की पेनल्टी कॉर्नर किती मिळाले, त्यांचे गोल किती झाले, शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कोणाकडे होता. सिडनीच्या त्या दोन मिनिटांनी एवढे तरी शिकवायला हवे होते. या वहीचा एक फायदा असा की हरलेल्या सामन्यातही कुठे काय सुधारले ते सापडते आणि जिंकलेल्या सामन्यात काय उघडे पडले तेही सापडते. बायको म्हणते की तुम्ही सामना बघत नाही, हजेरी घेता. तिचे म्हणणे अगदीच चूक नाही.

टोकियोचे उदाहरण घ्या. २५ जुलै २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाने आपल्याला गटात ७-१ ने हरवले. पुन्हा तेच आकडे. अब्बा उठून आत गेले आणि दिवसभर बोलले नाहीत. पण वही सांगत होती की अजून गटात सामने आहेत आणि संघ मोडलेला नाही. ५ ऑगस्टला ब्राँझसाठी जर्मनीशी सामना झाला. आपण १-३ ने मागे होतो, तेथून ५-४ झाले. शेवटची सहा सेकंदे उरली असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि श्रीजेशने तो अडवला. एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिकचे पदक. अब्बा तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “ब्राँझ आहे. सोनं नाही.” आयुष्यात पहिल्यांदा अब्बा माझ्यापेक्षा जास्त वास्तववादी निघाले.

त्याच स्पर्धेत आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवून उपांत्य फेरी गाठली आणि शेवटी त्या चौथ्या आल्या. येथे बसलेल्या मुलींना हे माहीत असावे म्हणून सांगतो. आणि हेही सांगतो की जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून ०-१ असे हरल्यामुळे त्याच संघाला पॅरिसला जाता आले नाही. चौथा क्रमांक ते घरी बसणे, मध्ये अडीच वर्षे.

हा खेळ सध्या असाच चालला आहे. २०२३ च्या जानेवारीत आपल्याच देशात विश्वचषक झाला, न्यूझीलंडविरुद्ध ३-१ ने पुढे असूनही शूटआउटमध्ये आपण हरलो आणि नवव्या स्थानावर राहिलो. त्याच वर्षी हांगचौला आशियाई सुवर्ण. पुढच्या वर्षी पॅरिसला पुन्हा ब्राँझ. जून २०२५ मध्ये युरोपात प्रो लीगचे ओळीने सात सामने हरलो आणि सप्टेंबरात राजगीरला कोरियाला ४-१ ने हरवून आशिया चषक जिंकला, त्याबरोबर २०२६ च्या विश्वचषकाचे तिकीटही मिळाले. यातल्या एकाच निकालावर बोट ठेवून ‘हॉकी मेली’ म्हणणारा जितका चुकतो, तितकाच ‘सुवर्णयुग आले’ म्हणणारा. मला या निकालांपेक्षा जास्त भरवसा ओडिशातील सुंदरगड जिल्ह्याचा वाटतो. तेथे गावोगाव मुले हॉकी खेळतात. दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास हे दोघेही सौनामारा या एकाच गावचे. २०१८ पासून ते राज्य सरकार राष्ट्रीय संघांचे प्रायोजक आहे, राउरकेलाला मोठे मैदान झाले आहे. आशा ठेवायची तर अशा ठिकाणी ठेवावी, जेथे सकाळी सहा वाजता कोणीतरी स्टिक घेऊन येते.

एक कबुलीही देऊन टाकतो. या संस्थेच्या सामान्यज्ञान स्पर्धेत ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता’ या प्रश्नाचे उत्तर मी अनेक वर्षे ‘हॉकी’ असेच बरोबर धरले. २०१२ साली माहितीच्या अधिकारात विचारल्यावर सरकारने कळवले होते की कोणताही खेळ तसा घोषित केलेला नाही. ज्यांचे गुण या प्रश्नावर वाढले त्यांनी ते ठेवून घ्यावेत.

आता शेवटचे. ८ ऑगस्ट २०२४. पॅरिसला स्पेनशी ब्राँझचा सामना. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर दहा खेळाडूंनिशी आपण ग्रेट ब्रिटनला रोखले होते आणि शूटआउटमध्ये जिंकलो होतो. उपांत्य सामना जर्मनीने ३-२ ने घेतला होता. श्रीजेशचा हा अखेरचा सामना. आपण २-१ ने पुढे होतो, शेवटच्या मिनिटांत स्पेनला पेनल्टी कॉर्नर मिळाले, आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. एरवी मी उचलला नसता.

“सर, बघताय ना?”

आठ वर्षांनी ऐकलेला आवाज होता. मागे गोदामातल्या माणसांचा गलका होता, पेट्यांवर मोबाईल ठेवून सगळे सामना बघत होते. तो म्हणाला, “श्रीजेश पुढे किती येतो ते बघा सर. मी आत उभा राहत होतो.” मी काही बोलण्याआधी चेंडू अडला आणि दोन्हीकडे आरडाओरडा झाला. सामना संपल्यावर मी त्याला ते २०१६ चे वाक्य बोललो त्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, “मला आठवत नाही सर.” मला ते खरे वाटले नाही.

शुक्रवारी कारखान्यांप्रमाणे त्याच्या गोदामालाही सुट्टी असते. गेले वर्षभर त्या दिवशी सकाळी तो मैदानावर येतो आणि आपल्या दोन गोलरक्षकांना पुढे यायला शिकवतो. यंदा पहिल्या फेरीत आपण ३-१ ने हरलो. पॅड आता हॉकीचे आहेत आणि दोन्ही पायांचे एकाच मापाचे आहेत. हेल्मेट एकच आहे, दुसऱ्यासाठी अर्ज दिला आहे. पदाधिकारी समोर बसलेले आहेत म्हणून एवढे बोललो.